लाइट गेली तरी न विसरणारी मेमरी आपण सोडली कशाला?

खाडीकाठ
थेट विचारतो. जुन्या कॉम्प्युटरच्या मेमरीवर हाताने काम केलेलं इथे कोणी आहे का? रॅमची पट्टी खोबणीत दाबली आणि झालं, ते नव्हे. त्याच्या आधीची.

आमचे थोरले काका मुंबईला नोकरीत कॉम्प्युटर विभागात होते. राजापूरच्या घरी माळा आवरताना त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक चौकट मिळाली. तळहाताएवढी. आत तांब्याच्या तारा उभ्या-आडव्या, आणि जिथे तारा एकमेकींना छेदतात तिथे मोहरीहून बारीक काळी कडी ओवलेली. नेटवर शोधलं तर तिला कोअर मेमरी म्हणतात आणि लाइट गेली तरी ती काही विसरत नाही असं कळलं.

मग माझा प्रश्न असा, की इतकी चांगली वस्तू सोडून आपण लाइट गेली की पाटी कोरी होणाऱ्या रॅमच्या मागे का लागलो? इथे मृग लागला की दिवसातून दहा वेळा वीज जाते. जुनी मेमरी आपल्याकडच्या हवेला जास्त टिकली असती असं माझं मत आहे. खोडून काढा.

सोलकढी
पहिला! धागा छान. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, जाणकार येतीलच.

फेराइट
जाणकार वगैरे नाही, पण वयाने म्हातारा आहे. आता देवरुखला असतो. साठच्या दशकाच्या शेवटाला मुंबईत एका मोठ्या कार्यालयात आयबीएमच्या १४०१ या कॉम्प्युटरवर ऑपरेटर होतो. त्याची मेमरी तुम्हाला मिळाली तसल्याच चौकटींची, एकावर एक रचलेल्या.

काम कसं चाले ते सांगतो. प्रत्येक कडी फेराइट या चुंबकीय पदार्थाची. ती एका दिशेने चुंबकित असली तर शून्य, उलट दिशेने असली तर एक. कडी उलटवायला ठरावीक विद्युतप्रवाह लागतो. तो पुरा एका तारेतून सोडायचा नाही. अर्धा उभ्या तारेतून, अर्धा आडव्या तारेतून. अर्ध्याने कुठलीच कडी हलत नाही. दोन्ही तारा जिथे छेदतात तिथली एकच कडी उलटते. हजारो कड्यांतून नेमकी एक निवडायची एवढी साधी युक्ती. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९५३ साली व्हर्लविंड यंत्रात ती चालवून दाखवली.

वाचण्याची रीत मात्र विचित्र. कडीत काय आहे हे नुसतं बघता येत नाही. तिच्यात शून्य लिहून बघायचं. उलटली तर तिसऱ्या तारेत बारीकसा ठोका येतो, म्हणजे आत एक होता. ठोका नाही आला तर शून्यच होतं. पण आता एक होता तो गेला! म्हणून यंत्र लगेच तो परत लिहून ठेवतं. वाचलं की पुसलं, पुसलं की पुन्हा लिहिलं. १४०१ मध्ये हे सगळं ११.५ मायक्रोसेकंदांत होई.

आणि मेमरी किती? आमच्याकडे ४,००० अक्षरं. जास्तीत जास्त १६,००० मिळत. एवढ्यात प्रोग्रॅमही बसवायचा आणि हिशोबही. या धाग्यावरचे प्रतिसाद वाढले की तेही त्यात मावणार नाहीत.

सोलकढी
वाचलं की पुसलं जातं? आमच्या ग्रामपंचायतीचं दप्तर याच तंत्रावर चालतं तर. फक्त ‘परत लिहून ठेवणं’ हा भाग मंजूर व्हायचा राहिलाय.

डिपस्विच
फेराइटकाकांनी छान सांगितलंय. आता खाडीकाठ यांचं मत खोडतो.

एक, काकांनी जे सांगितलं त्यातच मेख आहे. वाचून पुसलं गेलं आणि परत लिहायच्या आत वीज गेली, तर तो शब्द, म्हणजे एका दमात वाचला जाणारा शून्य-एकांचा गट, गेला. म्हणून त्या यंत्रांच्या पॉवर सप्लायमध्ये वीज जातेय हे आधी ओळखून हातातलं चक्र पुरं करून मेमरी थांबवणारं सर्किट असे. ते नसलं तर नुसत्या कड्या असून उपयोग नाही.

दोन, मेमरीत माहिती राहिली तरी प्रोसेसर आपण कुठे होतो ते विसरतोच. पुढे पीडीपी-८, पीडीपी-११ सारख्या यंत्रांत वीज जाताना रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरच्या हातातले आकडे, पटकन कोअरमध्ये टाकून, वीज आली की तिथूनच पुढे सुरू करायची सोय केली. पण तीही सोय वेगळी करावी लागली.

तीन, किंमत. कड्या हाताने ओवाव्या लागत, भिंगाखाली, सुईने. यंत्रं आली तरी शेवटचा नाजूक भाग बराच काळ माणसांच्याच हाती राहिला. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही मेमरीची चिप आली. एका चिपवर १०२४ बिट, म्हणजे १०२४ कड्यांचं काम, आणि ओवायला कोणी नको. तिथून पाच-सहा वर्षांत कोअरचा बाजार उठला.

अबोली
डिपस्विच, ‘माणसांच्या हाती’ नका म्हणू, बायकांच्या हाती म्हणा. कारखान्यांत ओवणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या कॉम्प्युटरचा कायमचा प्रोग्रॅम तर अक्षरशः तारांत ओवलेला होता. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. ३६,८६४ शब्द असे ओवले, तेही बायकांनी, मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑनच्या कारखान्यात. एक तार चुकली तर सगळं सोडवत बसायचं.

त्याच यानात बदलता येणारी मेमरी फक्त २,०४८ शब्दांची होती.

फेराइट
अबोलीताई, मान्य. आणि २,०४८ वरून आठवलं. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफरॅक हा कॉम्प्युटर. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण पोरांनी बांधला आणि १९६० मध्ये चालू केला. त्याचीही कोअर मेमरी २,०४८ शब्दांची, शब्द ४० बिटांचा. बाकीचं यंत्र निर्वात नळ्यांचं, २,७०० च्या आसपास नळ्या, पण मेमरी त्या काळातली सर्वांत नवी. नाव नेहरूंनी १९६२ साली दिलं.

त्याआधी देशात जो पहिला कॉम्प्युटर आला, १९५५ ला कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत, त्याची मेमरी फिरत्या चुंबकीय ड्रमवर होती. हवा तो शब्द वाचणाऱ्या हेडखाली फिरून येईपर्यंत वाट बघायची. चांगले प्रोग्रॅमर पुढची सूचना ड्रमवर अशा जागी टाकत की आधीची संपेपर्यंत ती फिरून हजर.

अष्टागर
कुलाबा म्हणजे आमचा कुलाबा जिल्हा (आताचा रायगड) का हो काका? 😄 अलिबागकरांना अजून सवय गेली नाही.

गंमत सोडा, पण चुंबक आणि कुलाबा यांचा एक जुना धागा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत घेत. ट्रामगाड्या विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं की त्या विजेमुळे नोंदी बिघडणार. म्हणून वेधशाळेचे प्रमुख डॉ. मूस यांनी ती वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला आणली. १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी घेतल्या, म्हणजे जुनी आकडेवारी नवीशी जुळवता यावी. इमारतच अशी बांधली की लोखंड नको. त्या नोंदी फोटोच्या कागदावर उमटत. ती पण मेमरीच, लाइट गेली तरी न विसरणारी.

प्रश्न: पृथ्वीच्या चुंबकत्वाने तुमच्या कड्या पुसल्या जात नसत का?

डिपस्विच
नाही. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ०.४ गॉसच्या (चुंबकत्वाचं माप) आसपास. कडी उलटवायला त्याच्या कितीतरी पट लागतं. शिवाय कडी बंद वर्तुळ असते, तिचं चुंबकत्व तिच्यातच फिरतं, बाहेरचं फारसं शिरत नाही.

मालवणचो_पाव्हणो
ह्या सगळा माझ्या डोक्यावरसून गेला, पण वाचूक बरा वाटता. येकच इचारतंय. लाइट गेल्यार रवता ती मेमरी आमच्या वायरमनाक बसवूक येयत काय? तक्रार सांगितलेली तेका दुसऱ्या दिसाक आठवणा नाय.

सोलकढी
पाव्हण्यानू, तेचीय वाचल्यार पुसता. 🙏

चिपळूणची_सून
मी कोअरच्या पुढच्या पिढीतली. नव्वदच्या सुरुवातीला आम्ही दोघांनी चिपळूणला कॉम्प्युटर क्लास काढला होता. यंत्रं एक्सटी, म्हणजे आयबीएमच्या जुन्या पीसीच्या धर्तीची, कुठून कुठून सुटे भाग आणून जोडलेली. ६४० के (किलोबाइट) मेमरी म्हणजे श्रीमंती.

मेमरीच्या चिपा तेव्हा एकेक सुट्या असत, सॉकेटात बसवलेल्या. रांगेत नऊ. आठ कामाच्या आणि नववी पहारेकरी, म्हणजे पॅरिटीची. आठांतली एक जरी चुकली तरी नववीशी जुळत नसे आणि पडद्यावर ‘पॅरिटी चेक’ येऊन यंत्र ठार. पोरांची परीक्षा चालू असताना हमखास.

आता खाडीकाठ यांच्या प्रश्नाकडे येते, कारण माझं मत दोघांहून वेगळं आहे. आपल्याकडे मेमरी बिघडायचीच नाही. बिघडायचा तो सांधा. दिवसा यंत्र तापलं, रात्री बंद करून गार झालं, की चिप सॉकेटातून केसभर वर सरकते. रोज केसभर. वर खारा वारा, पायांवर काळपट थर. मी झाकण काढायचे, अंगावरची स्थिर वीज जाण्यासाठी पेटीच्या पत्र्याला हात लावायचे आणि एकेका चिपेला अंगठ्याने दाबत जायचे. करकर असा आवाज आला की समजायचं हीच. नव्वद टक्के दुरुस्ती अंगठ्यानेच व्हायची. मुंबईहून येणारा इंजिनियर तेच करायचा, फक्त पावती द्यायचा.

तारवाला
ताई, सांध्याचं अगदी खरं. मी टेलिफोनमध्ये होतो, सिंधुदुर्गात. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज गावागावांत आलं तेव्हा मेमरीचं कार्ड रॅकमध्ये सरकवलेलं असे. कडेला सोनेरी पट्ट्या. ऑगस्टमध्ये ओल अशी असे की सकाळी अर्ध्या गावाचा डायल टोन गायब. कार्ड काढायचं, शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसायच्या, भुगा फुंकायचा नाही, ब्रशने झाडायचा, आणि परत घालायचं. फुंकलं की थुंकीची ओल जाते.

एका नव्या पोराने पॉलिश पेपर मारला. सोन्याचा मुलामा तो केवढा! खालचं तांबं उघडं पडलं आणि ते कार्ड दर आठवड्याला रुसायला लागलं.

वीज पडली तर मात्र सांधा वगैरे काही नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात जे व्हायचं ते सांगत नाही, रात्र खराब होईल.

खाडीकाठ
माझं मत हळूहळू मरतंय, पण मजा येतेय. चिपळूणताई, फ्लॉपीचं काय करायचात?

चिपळूणची_सून
अरे, फ्लॉपीचं विचारू नकोस! सव्वापाच इंची, ३६० केच्या. पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी धरायची. मधल्या लांबट फटीतून उजेडात बघितलं की तपकिरी चकतीवर पांढुरके ठिपके दिसायचे. ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडला चिकटणार आणि पुढच्या दहा फ्लॉप्या तो हेड खराब करणार. म्हणून आमच्याकडे नियम होता: जूनपासून कोणाचीही फ्लॉपी आधी खिडकीशी नेऊन बघायची, मगच आत.

क्लासच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात ४० वॅटचा बल्ब कायम जळत ठेवायचो. फोटोग्राफर लोक लेन्ससाठी करायचे तेच. सासूबाई म्हणायच्या, कपाटात देव बसवलाय का दिवा लावायला.

२००५ च्या जुलैमधल्या पुरात ते कपाट गेलं. फ्लॉप्या तेव्हा तशाही जुन्या झाल्या होत्या. पण गंमत म्हणजे गाळात बुडालेल्या रॅमच्या पट्ट्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, सुकवून लावल्या तर बहुतेक चालल्या. हार्ड डिस्क एकही नाही.

दाभोळबंदर
आमच्याकडे कॉम्प्युटर गल्फमधून आला. अब्बा १९८५ च्या सुट्टीत येताना टीव्हीला जोडायचं एक छोटं ब्रिटिश यंत्र घेऊन आले, टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम चढवायचं. गावात टीव्ही मोजके, त्यात आमचा टीव्ही रोज संध्याकाळी किंचाळणाऱ्या कॅसेटसाठी अडवलेला. अम्मीचा त्रागा विचारू नका.

त्यात ४११६ नावाच्या चिपा होत्या, १६ किलोबिटच्या. त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत: अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५. यातला उणे ५ गेला आणि १२ चालू राहिला तर चिप तापून मरते. आमच्या गावची वीज तुम्हाला माहीतच आहे. एका रात्री वीज गेली-आली, गेली-आली, आणि पडद्यावर रंगीत चौकोन. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने जुन्या चिपा मोडीत घेऊन दुसऱ्या दिल्या. पुढे ४१६४ आली, ६४ किलोबिट आणि एकाच ५ व्होल्टवर चालणारी, तेव्हा जगभरच्या दुरुस्तीवाल्यांनी मिठाई वाटली असेल.

चिरेखाण
ईप्रॉमचं कोणी काढलंच नाही? वरती काचेची खिडकी असलेली चिप. आत लिहिलेलं वर्षानुवर्षं राहतं, पुसायचं तर त्या खिडकीतून अतिनील दिवा दाखवायचा, १५-२० मिनिटं.

मी वजनकाटे दुरुस्त करायचो, लांजा ते सावंतवाडी पट्ट्यात. एका खाणीवरचा काटा दर उन्हाळ्यात बिनसायचा. ट्रक रिकामा असो वा भरलेला, आकडा वाटेल तो. आत बघितलं तर २७१६ या ईप्रॉमच्या खिडकीवरचा स्टिकर उडालेला, पेटीचं झाकण गायब आणि केबिनच्या दारातून दुपारचं ऊन थेट आत. चिप वाचून बघितली तर बऱ्याच जागी एफएफ, म्हणजे कोरी. उन्हाने काट्याची अक्कल पुसली होती. नवी चिप भरून दिली, वर काळी इन्सुलेशन टेप मारली. तक्रार बंद.

डिपस्विच
चिरेखाण, गोष्ट छान आहे पण पटत नाही. पुसायचा दिवा २५३.७ नॅनोमीटरचा असतो. ती लहर जमिनीपर्यंत पोचतच नाही, ओझोन अडवतो. उन्हाने ईप्रॉम पुसली जाते ही दुकानदारांची दंतकथा.

चिरेखाण
डिपस्विचभाऊ, दिव्याची लहर बरोबर. पण पुसलं जायला तेवढीच लहर लागते असं नाही, ४०० नॅनोमीटरच्या खाली सगळीकडे थोडं थोडं पुसलं जातं. आणि ३०० ते ४०० उन्हात भरपूर असतं. चिपेच्या माहितीपत्रकातच छापलेलं असे: थेट उन्हात साधारण एक आठवडा, ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षं. स्टिकर शोभेला नव्हता.

डिपस्विच
हो, आता आठवलं ते वाक्य. आठवडाभर थेट ऊन म्हणजे मे महिन्यातली खाण. पटलं.

अबोली
डिपस्विच यांना कोणीतरी काही पटवून दिलं, तारीख नोंदवून ठेवा. ईप्रॉममध्येच.

फेराइट
या गर्दीत एक सांगायचं राहिलं. आमच्या यंत्राजवळ रात्रपाळीला एक ट्रान्झिस्टर असायचा. मेमरीचे ठोके रेडिओवर ऐकू येतात, मीडियम वेव्हला. नेहमीचा हिशोब चालू असला की एक विशिष्ट खरखर. सॉर्टिंग सुरू झालं की सूर वर जाई. प्रोग्रॅम कुठे अडकून गोल गोल फिरायला लागला की एकच सपाट सूर धरून बसे. आम्ही दुसऱ्या टोकाला कार्डांचे गठ्ठे लावत असलो तरी कानाने कळायचं आणि धावत यायचो. काही हुशार मंडळी मुद्दाम तसे प्रोग्रॅम लिहून रेडिओवर गाणी वाजवत. आमचा एक सहकारी आरतीची चाल जमवत होता. पहिली ओळ जमली, पुढे यंत्राचा मोकळा वेळ मिळेना.

आणि खाडीकाठ, हवेचं म्हणाल तर कोअर फार नखरेल. तापमान बदललं की कडी उलटवायला लागणारा प्रवाह बदलतो. अर्धा-अर्धा हिशोब बिघडला की शेजारच्या कड्याही हलणार. म्हणून प्रवाह तापमानाप्रमाणे कमी-जास्त करावा लागे. काही मोठ्या यंत्रांत तर अख्खा संच तेलात बुडवून तापमान कायम राखत. आमची खोली एअरकंडिशन होती, ती आमच्यासाठी नव्हती. मे महिन्यात सगळं ऑफिस कामाच्या निमित्ताने आमच्याकडे येऊन उभं राही. आपल्याकडच्या पडवीत ती मेमरी एक मोसम काढती ना.

तारवाला
म्हणजे मत खोडलं म्हणायचं का?

मीटरखाली
अर्धंच खोडलं. मी वीजमीटरच्या क्षेत्रात आहे, म्हणून बोलतो. वीज गेली तरी न विसरणारी आणि वाटेल तितक्या वेळा लिहिता येणारी मेमरी सोडलेली नाही, लहान होऊन परत आली. एफरॅम म्हणून चिप असते. तिच्यात चुंबक नाही, विजेच्या दिशेवर काम चालतं, पण फेराइटकाकांना ऐकून बरं वाटेल: तीही वाचली की पुसली जाते आणि चिप स्वतःच परत लिहून ठेवते. जगभर इलेक्ट्रॉनिक मीटरांत ती वापरतात, कारण पेनड्राइव्हमध्ये असते ती फ्लॅश मेमरी लिहून लिहून झिजते आणि मीटरला युनिट सतत लिहावे लागतात. चुंबकावर चालणारी एमरॅमही आहे.

तुमच्या लॅपटॉपमध्ये ती नाही कारण त्याच पैशात साधी रॅम कितीतरी पट जास्त मिळते. मुख्य कारण हेच.

सोलकढी
म्हणजे लाइट गेली की आम्ही लिहिलेलं जातं, पण बिल जात नाही. व्यवस्था उत्तम आहे.

गुहागरकर_बर्फवाले
उशिरा आलो, वाचनखूण साठवली. एक अडचण आहे. आमच्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरचा जुना कंट्रोलर आहे, चांगला चालतोय. आत खिडकीवाली २७३२ ईप्रॉम आहे. बनवणारे केव्हाच बंद झाले. ती चिप गेली तर सगळं भंगारात. आतलं उतरवून ठेवता येतं का? चिपळूणला विचारलं तर म्हणाले २५ व्होल्टवाला प्रोग्रॅमर (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) लागतो, तो कोणाकडे नाही.

चिरेखाण
२५ व्होल्ट लिहायला लागतात. नुसतं वाचायला ५ पुरे, त्यामुळे आजचा स्वस्तातला प्रोग्रॅमरही चालेल. उशीर मात्र करू नका, त्या चिपांचं वय झालंय. आतला विद्युतभार हळूहळू गळतो, एखादा बिट पडायला लागला की मूळ काय होतं ते कोणीच सांगू शकत नाही.

दोन-तीनदा वाचा आणि तिन्ही वेळा सारखंच येतंय ना ते ताडून बघा. चिप काढताना स्क्रूड्रायव्हर एका बाजूने घालू नका, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उचला, पाय मोडतात. चिपेवरची खाच कुठल्या दिशेला होती त्याचा आधी फोटो काढा.

गुहागरकर_बर्फवाले
सीझन चालू आहे, कंट्रोलर बंद ठेवता येत नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी बोटी बंद असतात तेव्हा जमेल. तुम्ही कुठे असता?

चिरेखाण
लांज्याला. व्यनि करतो. कंट्रोलरची अख्खी पेटीच घेऊन या, चिप मी काढतो. आणि येईपर्यंत खिडकीवरचा स्टिकर कितीही मळका असला तरी सोलू नका.